भादव्यातलं धान

।। श्री ।।
भंडारा, १४ जानेवारी १९७९

चि. जागेश्वरास आईचा आशीर्वाद.

समोरच्या भय्याजींचा मुलगा संक्रांतीला पुण्याहून आला, त्याच्याकडून तुझा पत्ता मिळाला. पिंपरीच्या कारखान्यात तू लागलास, तिघं मिळून एका खोलीत राहता आणि खानावळीत जेवता, एवढं त्यानं सांगितलं. जास्त मी विचारलं नाही. पोटच्या मुलाची खबर शेजाऱ्याकडून किती घ्यावी, त्यालाही मर्यादा आहे.

गल्लीत मी सांगितलं आहे की तुला तिकडे चांगली नोकरी लागली आणि हजर व्हायची तारीख जवळ होती, म्हणून घाईनं गेलास. तुझ्या बाबांनाही तेच सांगायला लावलं आहे. त्यांना खोटं जमत नाही. कचेरीत कोणी विचारलं की टेबलावरचे कागद हलवतात.

तुझ्या माडीवरच्या खोलीत यंदा धान भरलं. सिहोऱ्याच्या शेतातून बावीस पोती आली. आजवर आपण मागच्या पडवीत ठेवत होतो, यंदा हमालांना जिना चढायला लावला. बाबा म्हणाले, "काहून वर चढवून राहिली? पडवी पडली काय?" मी म्हटलं, पडवीत ओल येते. ओल येत नाही, तुलाही माहीत आहे. पण खोली तशी रिकामीच होती.

महालक्ष्म्यांच्या दिवशी तू मला जे बोललास त्याबद्दल मी काही लिहीत नाही. सणाचं घर होतं, पानं वाढायची होती, सोवळ्यात होते. खोलीचा विषय काढायची ती वेळ नव्हती, एवढंच म्हणते.

सोबत तिळगूळ पाठवते आहे. डबा पितळेचा आहे, गोमाजी कसारांच्या हातचा. परत पाठवण्याची गरज नाही. एकादशीला बाहेरचं खाऊ नकोस. खानावळीत साबुदाणा करत नसतील तर दूध-केळी घे.

तुझी आई


भंडारा, २० जून १९८०

चि. जागेश्वरास आशीर्वाद.

हे माझं सहावं पत्र. पाचांची पोच नाही. पत्ता चुकला असता तर पत्रं परत आली असती, म्हणजे मिळतात. मिळतात एवढं पुष्कळ आहे.

गोमाजींचा ईश्वर काल भिलाईला गेला. तुझ्याबरोबर शाळेत होता तोच. बापासारखाच पितळेवर हात बसलेला मुलगा, पण आता लग्नात आंदण म्हणून स्टीलच देतात, पितळ कोण घेतो? गोमाजी मोटारस्टँडवर पोचवायला गेले आणि येऊन भट्टीसमोर बसले. भट्टी पेटवली नाही. पूर्वी सकाळी पूजेला बसलं की कसारांच्या ओळीतली ठोकठोक इतकी यायची की मला जप मोजता येत नसे. आज बिनचूक मोजला गेला.

मी एक करते आहे, तुला हसू येईल. घरखर्चाच्या वहीची मागची पानं कोरी राहतात, तिथं आपल्या गल्लीतून कोण गेलं ते लिहून ठेवते. नाव, कुठे गेला, कशासाठी. दोन वर्षांत चौदा झाले. परसराम नागपूरला, दुकानात. बाबुलाल सुरतेला. लीलाबाईंचे दोघंही रायपूरला. पहिलं नाव तुझं आहे. तुझ्यासमोर 'नोकरी' लिहिलं आहे.

बाहेरून आलेले पण टिकले नाहीत असेही आहेत, ते मी वेगळ्या पानावर लिहिते. शाळेत एक नवे गणिताचे मास्तर आले होते, चांगले शिकवायचे म्हणतात. चार महिने धर्मशाळेत राहिले आणि बदली करून घेतली. टेलिफोन ऑफिसातली एक मुलगी गोंदियाहून रोज ये-जा करायची, तीही गेली. भंडाऱ्याचं पाणी त्यांना मानवलं नसेल.

खोलीतल्या धानाला घुशी लागल्या. चार पोती फोडली. बाबा म्हणाले, "आता तरी खाली आण." मी मांजर पाळलं.

तुझी आई


भंडारा, ४ सप्टेंबर १९८२

चि. जागेश्वर,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही, कारण अंतर्देशीय शेवटचंच आहे आणि उद्या रविवार, पोस्ट बंद.

यंदा गल्लीचा गणपती उचलायला माणसं नव्हती. खरंच नव्हती. चौरंगाला आठ खांदे लागतात. तिघं पोट्टे होते आणि बाकी सगळे भय्याजींसारखे गुडघे धरून चालणारे. शेवटी गणपती भाजीच्या हातगाडीवर बसवून खांब तलावावर नेला. गाडीला एका बाजूला 'ताजी भाजी' लिहिलेलं होतं, त्यावर घाईनं पताका चिकटवली, ती वाटेत पडली. लोक हसले. गोमाजी रडले.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ओट्यावर सगळे बसले की पोरं काहून जातात? बायकाही होत्या. एक म्हणाले, बाग करा, कारंजं लावा. दुसरे म्हणाले, टुरिंग टॉकीज आणा. भय्याजी म्हणाले, "पोट्ट्याइले शिकवाच नाही! शिकला का पळला." तेव्हा तुझे बाबा मला म्हणाले, "तुझी वही आण ना."

मी वही आणली आणि वाचली. एकोणीस नावं. प्रत्येकापुढे कारण.  मग दुसरं पान वाचलं. आलेले आणि परत गेलेले, सात. मास्तर, टेलिफोनवाली, दवाखान्यातली कंपाउंडर, जमिनीच्या मोजणीचे दोघं. प्रत्येकापुढे मी लिहिलं होतं, 'बदली करून घेतली'.

केशरबाई भिंतीला टेकून पान लावत होत्या. त्या म्हणाल्या, "बदली नाही हो बाई. खोली भेटली नाही त्याइले. मास्तर माझ्याच दारी आला होता. मी म्हटलं, सडा माणूस, घरात सून आहे, नाही देत. मोजणीवाल्याले लीलाबाईनं नाही म्हटलं, मटन खाते म्हणून."

लीलाबाई तिकडून ओरडल्या, "मंग खात नव्हता काय?"

"खात होता ना. पण तुमचे दोघं रायपुरात काय आळणी वरण खाऊन राहिले?"

लोक हसले. मग केशरबाई माझ्याकडे वळल्या. "आन् तुमचं त काय बोलावं, निर्मलाबाई. तुमच्या घरी त भादव्यात धान पिकते!"

कोणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षं माहीत होतं.

आता तुला लिहिते, जरी तू तिथे उभा होतास आणि सगळं पाहिलंस. मी कधी ते माझ्या तोंडून बोलले नाही म्हणून लिहिते. तू आठ दिवस आधी मला विचारलंस, माझा एक मित्र बँकेत लागला आहे, आंधळगावचा, माडीवर माझ्याबरोबर राहील का. मी हो म्हटलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तू त्याला घेऊन आलास. मी दारातच विचारलं, गाव कोणतं, आडनाव काय. आपल्याकडे तसंच विचारतात, पाणी देण्याच्या आधी. त्यानं सांगितलं, श्रावण रामटेके. मला कळलं की हे बौद्ध आहेत. मी म्हटलं, "अरे बापा, खोलीत तर धान भरलं आहे."

भाद्रपदात कोणाच्या घरी खोलीभर धान असतं? धान दिवाळीनंतर येतं. भाद्रपदात ते शेतात उभं असतं आणि घरातली पोती तळाला गेलेली असतात. मी शेतकऱ्याची मुलगी, शेतकऱ्याची सून, आणि तोंडातून हेच निघालं. आणि ज्याला सांगितलं तोही धानाच्याच गावचा. त्यानं जिन्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "भादव्यात धान, बाई? मोठं घर आहे जी तुमचं. आमच्याकडं त या महिन्यात घुशीबी उपाशी रायतात." नमस्कार केला आणि गेला. रागानं बोलला असता तर मी विसरले असते.

तू हातातलं ताट खाली ठेवलंस आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मला म्हणालास, "आई, समोर लक्ष्म्या बसल्या आहेत." एवढंच म्हणालास. पंधरा दिवसांनी गेलास.

त्या दिवाळीनंतर मी धान वर चढवलं ते ओल येते म्हणून नाही. माझा शब्द मागाहून तरी खरा व्हावा म्हणून. देवासमोर बोललेलं खोटं राहू नये, असं मनात होतं. चार वर्षं दरवर्षी चढवते आहे. घुशींनी किती खाल्लं ते मी वहीत लिहिलेलं नाही.

सभेहून आले आणि दुसऱ्या पानावर पहिल्या ओळीच्या वर जागा करून लिहिलं: श्रावण रामटेके, आंधळगाव. खोली मागितली. नाही म्हटलं. कारणाच्या रकान्यात आधी 'धान' लिहिलं, मग खोडून 'जात' लिहिलं. पहिल्या पानावर तुझ्या नावासमोरही 'नोकरी' खोडलं. तिथं काय लिहू ते तू सांग.

आई


भंडारा, २७ नोव्हेंबर १९८३

चि. जागेश्वरास आशीर्वाद.

तुझं कार्ड मागच्या वर्षी मिळालं होतं. 'पत्र पोचलं. जागेश्वर.' तीन शब्द. बाबांनी ते चष्म्याच्या घरात ठेवलं आहे. रिटायर झाल्यापासून चष्मा सारखा काढावा लागतो, त्यामुळे कार्डही दिसतं.

यंदा धान सिहोऱ्यालाच विकलं. खाण्यापुरतं पडवीत ठेवलं. खोली मी स्वतः धुतली, चुना दिला, घुशींची बिळं काच कुटून बुजवली. मग कळलं की श्रावण रामटेके भंडाऱ्याच्या बँकेत परत आला आहे, आता साहेब होऊन. मी बाबांना म्हटलं, मी जाते. ते म्हणाले, "मी येऊ काय?" मी म्हटलं, तुम्ही तेव्हा आत पान वाढत होता, तुमचा दोष नाही.

बँकेत मी पूर्वी कधी गेले नव्हते. शिपायानं विचारलं, कोणाकडे काम आहे? आडनाव सांगितलं. काचेच्या मागे तो होता, थोडा जाड झाला आहे, मिशी ठेवली आहे. मला पाहून उभा राहिला. मी बसले नाही. मी म्हटलं, "माडीवरची खोली रिकामी आहे."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "कोणता महिना चालू आहे, बाई?"

मी म्हटलं, "कार्तिक."

"म्हणजे या महिन्यात त धान असाले पायजे."

"असायला पाहिजे," मी म्हटलं, "पण नाही. येऊन पाहून घ्या."

तेव्हा त्यानं खुर्ची पुढे केली आणि चहा मागवला. बँकेच्या कपात चहा आला. मी प्यायले. एकादशी होती, तरी प्यायले. ते मी देवाला सांगून ठेवलं आहे.

तो म्हणाला, "मले आता खोली नको जी. बायको-पोरं आहेत, सरकारी भाड्याचं घर घेतलं. तेव्हा पायजे होती. त्याच्या आधी सात महिने आंधळगावहून एष्टीनं जाणं-येणं केलो. सकाळची गाडी चुकली का हजेरीवर लाल रेघ. सात रेघा झाल्या तवा बदली मागितली." हे त्यानं अगदी हवापाण्याविषयी बोलावं तसं सांगितलं. मग म्हणाला, "तुमच्या जागेश्वरनं मले थांबवलं होतं. म्हणे, दुसरी खोली पाहू. अकरा घरं पाहिली आम्ही दोघांनी. मंग तो म्हणे, तू जात अशील त मीबी नाही राहत या गावात."

अकरा घरांचं तू मला कधी सांगितलं नाहीस. मी समजत होते की तू माझ्या घरावर रागावून गेलास. तू गावावर रागावून गेलास. यात मला हलकं वाटलं की जड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघताना तो म्हणाला, "आमच्याकडं एक नवी पोरगी लागली आहे, मंगला. तुमसरहून ये-जा करते, चार महिन्यांत वाळून गेली. बदलीचा अर्ज घेऊन काल आली होती. तिले पाठवू काय?"

"पाठवा."

"आडनाव नाही विचारलं तुम्ही."

"नाही विचारलं," मी म्हटलं आणि उठले. घरी येईपर्यंत मात्र तेच डोक्यात होतं की आडनाव काय असेल. चाळीस वर्षांची सवय एका कप चहानं जात नाही. खरं आहे ते लिहिते.

तुझी आई


भंडारा, २ ऑक्टोबर १९८५

चि. जागेश्वरास आशीर्वाद.

मंगलाला येऊन आता पावणेदोन वर्षं होतील. पहिले पंधरा दिवस आम्ही दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागलो. ती कमरेवर गुंड घेऊन नळाचं पाणी भरायला आली की मी काही काम काढून मागे जायची, म्हणजे पाहावं लागू नये. एक दिवस तीच म्हणाली, "मावशी, तुम्ही कायले उठता? गुंड माझा, पाणी नळाचं, तुमचं काहीच जात नाही." मी बसून राहिले. बसल्यावर सवय झाली.

तिनं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. खिळा मागायला खाली आली तेव्हा मी फडताळातून चांगला लांब खिळा दिला, चुन्याच्या भिंतीत आखूड टिकत नाही. महालक्ष्म्यांना मी तिला बोलावलं. ती म्हणाली, पूजेला नाही येणार, आम्ही ते सोडलं. जेवायला येते. आली आणि जेवली. पंगतीत केशरबाईंच्या शेजारी बसली. केशरबाई म्हणाल्या, "काय वो पोरी, आंबील जमली काय बाईची?" ती म्हणाली, "आमच्या आईची आंबट असते, चांगली असते." मी पुढच्या वेळी आंबट केली.

तिनं आणखी एक केलं. बँकेत, टेलिफोनमध्ये, शाळेत जे नवे लागले आणि ये-जा करतात, त्यांना रविवारी मंडळाच्या ओट्यावर बोलावलं आणि मला म्हणाली, "मावशी, तुमची वही आणा." माझ्या वहीत रिकाम्या माड्या किती ते होतंच, कारण ज्या घरातून मुलगा गेला त्या घरात खोली रिकामी. केशरबाईंनी एका मास्तराला दिली. सडाच आहे. सुनेला म्हणाल्या, "तो वर, तू खाली, मधात मी." लीलाबाईंनी अजून नाही दिली, पण खाटेवरच्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या, म्हणजे देतील. मटण खाणाऱ्या मोजणीवाल्यालाच देतील असं दिसतं, कारण तोच पुन्हा आला आहे.

संध्याकाळी ही मुलं मंडळाच्या खोलीत वर्तमानपत्र वाचतात, मॅट्रिकच्या पोरांना गणित शिकवतात, गलका करतात. गोमाजींनी एकदा तक्रार केली की झोप मोडते. मी म्हटलं, तुमच्या भट्टीनं माझा जप वीस वर्षं मोडला.

यंदा गणपतीला आठ खांदे होते. त्यातले पाच आपल्या गल्लीत जन्मलेले नाहीत. तलावावर जाताना वाट चुकून ते डावीकडे वळले, भय्याजींना पुढे धावावं लागलं, गुडघा विसरले.

वहीत तिसरं पान सुरू केलं आहे. 'आले.' नऊ नावं.

तुझी आई


भंडारा, ११ मार्च १९८६

चि. जागेश्वर आणि सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. दोन पानी. बाबांनी आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं, मग मला म्हणाले, "तू वाच आता, तुझ्या आवाजात ऐकतो."

तुमच्या लग्नाचं आणि सूनबाईच्या माहेरचं मला तीन वर्षांपासून माहीत होतं. भय्याजींच्या मुलानं सांगितलं होतं. पण तू सांगशील तेव्हाच माहीत झालं असं धरायचं, हे ठरवलं होतं, म्हणून आजपासून माहीत आहे. तिला माझ्याकडून विचार, भात खाते की पोळी.

इकडे नवीन कारखान्यात तुझी निवड झाली आणि मेच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं आहे, हे वाचून देवापुढे साखर ठेवली. तू लिहितोस, पुण्यातली नोकरी सोडायची की नाही हे अजून ठरलेलं नाही, आणि आठ वर्षांपूर्वी ज्या गावानं मित्राला ठेवून घेतलं नाही तिथं बायकोला घेऊन यावं का, हा विचार आहे. विचार बरोबर आहे. मी 'ये' म्हणून आग्रह करणार नाही. मी आजवर पत्रांतून पुष्कळ वेळा केला, तो शब्दात नव्हता एवढंच.

तू एक प्रश्न विचारलास, माझी खोली रिकामी आहे का. तर नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मंगलानं सामान आवरायला घेतलं. मी वर गेले तर फोटो भिंतीवरून काढून धुतलेल्या पातळात गुंडाळत होती. म्हणाली, "मावशी, घरचा माणूस येऊन राहिला. मी पाहते दुसरीकडं." मी म्हटलं, "तो फोटो आधी जागेवर लाव. खिळा रिकामा बरा दिसत नाही."

"पण ते कुठं राहतील?"

मी तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते. आलात की चार दिवस माजघरात झोपा, खाटा दोन आहेत. बाबा पडवीत जातील, त्यांना तिथेच झोप लागते. मग श्रावणरावांना बरोबर घे आणि गल्ली फिर. पहिली अकरा घरं तुला माहीत आहेत, तिथूनच सुरुवात कर. दारात कोणी सूनबाईचं गाव आणि माहेरचं आडनाव विचारलं तर दोन्ही सांग आणि थांबून पाहा काय म्हणतात. लीलाबाईंच्या माडीला दोन खोल्या आहेत आणि खिडकी पूर्वेला. त्यांना मी तुझ्यासाठी शब्द टाकलेला नाही आणि टाकणार नाही. त्या देतात की नाही, ते तूच पाहून मग पुण्याचं ठरव.

वहीत पहिल्या पानावर तुझ्या नावापुढची जागा साडेतीन वर्षं कोरी आहे. तिसऱ्या पानावर दहाव्या क्रमांकाची ओळ कोरी आहे. पहिली मी भरली नाही, दुसरीही मी भरणार नाही. येशील तेव्हा पेन घेऊन ये, घरातला गळतो.

तुझी आई

ता. क. पितळेचा डबा असेल तर आण. गोमाजींना दाखवायचा आहे.